विमान अपघाताच्या दाव्यासाठी संभाजीनगरच्या वकील मॅडमचा सल्ला : आमचा अनुभव

हायकोर्टाच्या खंडपीठापासून चालत जाता येईल इतक्या जवळ, जालना रोडच्या आतल्या गल्लीत या मॅडमचं ऑफिस आहे. नाव देत नाही. वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलची मनाई आहे, आणि मी चांगलं लिहिलं म्हणून त्यांना त्रास व्हायला नको. पण विमान अपघातात घरचं माणूस गेल्यावर वकिलाकडून काय मिळायला पाहिजे, हे आमच्यासारख्या गावाकडच्या लोकांना आधी माहीत असावं, म्हणून सविस्तर लिहितो.

मी मानवतचा. सगळी नोकरी कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये मुनीम म्हणून झाली. माझ्या धाकट्या बहिणीचा, मंगलचा मुलगा इंजिनियर होता, परदेशात नोकरीला. तो ज्या विमानात होता ते पडलं. कुठलं विमान, कोणती कंपनी हे लिहीत नाही. प्रकरण चालू आहे आणि मंगलची तशीच इच्छा आहे. एवढंच सांगतो की विमान परदेशी कंपनीचं होतं, आणि तिकीट हैदराबादहून जाऊन-येऊन असं एकत्र काढलेलं होतं. त्या जाऊन-येऊन तिकिटाला किती महत्त्व आहे, ते मला मॅडमकडे गेल्यावर कळलं.

तेराव्याच्या आधी दोन माणसं घरी आली. चांगले कपडे, गोड बोलणं, हातात इंग्रजी कागद. परदेशातल्या मोठ्या वकील कंपनीसाठी काम करतो म्हणाले. आत्ता एक रुपया द्यायचा नाही, जे मिळेल त्यातले तीस टक्के त्यांचे. मेव्हणे सही करायला तयार झाले होते. त्यांना काही सुचतच नव्हतं, कुणी ताट पुढे केलं तर जेवायचे, नाही तर नाही. मी कागद ठेवून घेतले आणि त्या माणसांना चहा पाजून वाटेला लावलं. मग सेलूच्या एका ओळखीच्या वकिलांनी या मॅडमचं नाव सांगितलं. आम्ही मराठवाडा एक्सप्रेसने गेलो. आमच्याकडे तिला हायकोर्ट एक्सप्रेसच म्हणतात, डब्यात निम्मी माणसं फाइल मांडीवर घेऊन बसलेली असतात.

सल्ल्याची फी तीन हजार रुपये, पावतीसह. ती सांगितल्यावर मॅडमनी लगेच दुसरी गोष्ट सांगितली : "काका, निकालात मिळणाऱ्या रकमेतला टक्का भारतातल्या वकिलाला घेता येत नाही. बार कौन्सिलचा नियम आहे. इथला कुणी वकील टक्का मागत असेल तर तिथूनच उठा." अमेरिकेत टक्क्यावर काम करणं कायदेशीर आहे, पण तिथेही विमान पडल्यावर वकिलाला किंवा त्याच्या माणसाला पहिले ४५ दिवस आपण होऊन घरच्यांकडे जाता येत नाही, असा त्यांचा कायदा आहे. आमच्या दारात माणसं तेराव्याच्या आधी उभी होती.

त्यानंतर विमान कंपनीकडून आलेली कागदपत्रं त्यांनी मागितली. मी माझ्या परीने वाचलेली होती, आकडा पाहिलेला होता. मॅडमनी पेन्सिल घेतली आणि एका परिच्छेदाखाली हळूहळू रेघ ओढत नेली. ही रक्कम स्वीकारल्यावर वारसांचा विमान कंपनी, तिचे नोकर, वैमानिक, विमान बनवणारी कंपनी, इंजिन बनवणारी कंपनी, विमा कंपन्या आणि "इतर कोणीही" यांच्याविरुद्ध जगातल्या कुठल्याही कोर्टात कसलाही दावा उरणार नाही, असं तिथे लिहिलेलं होतं. पैसे एक जण देणार आणि सुटका सगळ्यांची होणार. आणि तेव्हा तपास कुठपर्यंत आला होता? विमानाचे तुकडे गोळा करणं चाललं होतं. कुणाचं काय चुकलं हे कुणालाच माहीत नसताना सगळ्यांना मोकळं करणारी सही मागितली गेली होती. याचा राग मला अजून आहे आणि तो राहणार.

आगाऊ मदत म्हणून कंपनी जे देते ते घ्यायला हरकत नाही, असं मॅडम म्हणाल्या. आंतरराष्ट्रीय विमान प्रवासाच्या भरपाईचा जो मॉन्ट्रियल करार आहे, त्यातच लिहिलंय की अशी आगाऊ रक्कम दिली म्हणजे कंपनीने जबाबदारी कबूल केली असं होत नाही, आणि पुढच्या भरपाईतून ती वळती करून घेता येते. फक्त पावतीवर "आगाऊ, हक्क राखून" असं स्पष्ट पाहिजे. तशी पावती त्यांनी स्वतः तयार करून दिली.

हा मॉन्ट्रियल करार १९९९ चा. भारत त्यात २००९ साली सामील झाला. आंतरराष्ट्रीय प्रवासात माणूस दगावला तर भरपाई याच करारावर चालते. मॅडमनी मला तो जसा समजावला तसा सांगतो. एका मर्यादेपर्यंत विमान कंपनीची चूक होती की नव्हती हा प्रश्नच नसतो. ही मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१,८८० एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक आहे, आजच्या भावाने ही रक्कम साधारण पावणेदोन ते दोन कोटींच्या मध्ये कुठेतरी जाते. पण टीव्हीवर सांगतात तसे हे पैसे आपोआप प्रत्येकाच्या खात्यावर पडत नाहीत. आपलं नुकसान किती झालं हे आपल्यालाच दाखवावं लागतं, चूक मात्र सिद्ध करावी लागत नाही. त्या मर्यादेच्या वर दावा गेला तर आपला हलगर्जीपणा नव्हता, किंवा सगळा दोष तिसऱ्याच कुणाचा होता, हे सिद्ध करायचं ओझं कंपनीवर येतं. आमच्या डोक्यात उलटंच होतं. आपण गरीब माणसं, एवढ्या मोठ्या कंपनीची चूक कुठून शोधणार, या विचाराने मेव्हणे खचले होते. चूक आपल्याला शोधायची नाही हे ऐकल्यावर ते पहिल्यांदा नीट ताठ बसले.

दावा कुठे लावायचा, तर कंपनीचं मूळ ठिकाण, तिकीट काढलं ते ठिकाण, प्रवासाचं शेवटचं ठिकाण, असे पर्याय असतात. जाऊन-येऊन तिकीट असलं की शेवटचं ठिकाण म्हणजे जिथून निघाला तेच धरतात. म्हणून भाच्यासाठी भारतातलं कोर्ट चालतं. शिवाय माणसाचं कायमचं घर ज्या देशात, तिथेही दावा लावता येतो, कंपनीचा त्या देशात प्रवासी वाहतुकीचा धंदा असला तर. मुदत दोन वर्षं. ती गेली की हक्कच संपतो, उशीर माफ करा म्हणून अर्ज चालत नाही. मॅडमनी फाइलच्या पुठ्ठ्यावर ती तारीख लाल पेनने मोठ्या अक्षरात लिहिली, आणि माझ्या डायरीतही लिहायला लावली.

मंगल तोवर एक शब्द बोलली नव्हती. मग ती म्हणाली, "पैशाचं तुम्ही दादाशी बोला. माझ्या लेकराला मारलं कुणी, ते सांगा. ज्यानं मारलं तो जेलात जाणार का नाही?"

मॅडमनी "जाणार" म्हटलं असतं तर मंगलला त्या दिवशी बरं वाटलं असतं. त्या तसं म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "ताई, ही तीन वेगवेगळी कामं आहेत आणि तिन्ही वेगवेगळ्या जागी चालतात." विमान का पडलं याचा तपास एकीकडे. आपल्याकडे तो एएआयबी ही केंद्र सरकारची विमान अपघात तपास संस्था करते, आणि २०१७ च्या नियमांतच लिहिलंय की तपासाचा हेतू पुढचा अपघात टाळणं हा आहे, दोष कुणाच्या माथी मारणं हा नाही. जगभर हेच तत्त्व चालतं. भरपाई दुसरीकडे, ती दिवाणी. आणि शिक्षा तिसरीकडे. हलगर्जीपणाने मृत्यू घडवला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे, पण त्यासाठी एका ठरावीक माणसाचा ठरावीक हलगर्जीपणा संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. विमानाच्या बाबतीत तो एक माणूस सापडणं फार अवघड.

उदाहरण त्यांनी बोइंगचं दिलं. २०१८ मध्ये इंडोनेशियात आणि २०१९ मध्ये इथिओपियात ७३७ मॅक्स जातीची दोन विमानं पडली, ३४६ माणसं गेली. एका सेन्सरने चुकीची माहिती दिली की विमानाचं नाक आपोआप खाली दाबणारी यंत्रणा त्यात होती, आणि पहिल्या अपघातापर्यंत वैमानिकांच्या पुस्तिकेत तिचा उल्लेखसुद्धा नव्हता. कंपनीने २०२१ च्या जानेवारीत अमेरिकी सरकारशी अडीच अब्ज डॉलरची तडजोड केली. त्याच वर्षी नोव्हेंबरात इथिओपियाच्या अपघाताची जबाबदारी शिकागोच्या कोर्टात मान्य केली. फौजदारी खटला चालला तो कंपनीच्या एकाच माणसावर, एका तांत्रिक वैमानिकावर, आणि मार्च २०२२ मध्ये ज्यूरीने त्याला निर्दोष सोडलं. कंपनीने पैसे भरले, जबाबदारीही घेतली, तुरुंगात कुणीच गेलं नाही.

हे मला पटलेलं नाही. त्या एका माणसाला शिक्षा व्हायलाच हवी होती असं माझं म्हणणं नाही, ज्यूरीने पुरावा पाहून ठरवलं असेल. पण ती यंत्रणा तशीच बसवायची आणि वैमानिकांना कळवायचं नाही, हे कुणीतरी ठरवलंच असणार. आमच्या जिनिंगमध्ये १७० किलोची गाठ वजनाला कमी भरली तर ती कोणत्या पाळीत बांधली आणि वजनावर कोण होतं हे रजिस्टरमध्ये सापडतं. जिथे माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे तिथे सही करणारा सापडत नाही, हे मी मान्य करायला तयार नाही. मॅडमना मी हे बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे काका. म्हणूनच भरपाईचा दावा महत्त्वाचा. दाव्यात आपण कंपनीकडून कागद मागू शकतो. तडजोड लवकर झाली की कागद बाहेर येत नाहीत."

मंगलच्या मनात दोषी ठरलेलाच होता. मोबाईलवरचे व्हिडिओ बघून बघून तिची खात्री झाली होती की वैमानिकानेच घात केला. त्याच्या आईला तिने शिव्याशाप दिलेले मी ऐकलेत. त्यावर मॅडमनी तिला इथल्या चिकलठाणा विमानतळाजवळचा अपघात आठवतो का विचारलं. मंगलला आठवत नव्हता. मला आठवत होता, कारण तो आमच्या धंद्यातून गेलेला आहे.

२६ एप्रिल १९९३. तेव्हाच्या औरंगाबादहून मुंबईला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं विमान भर दुपारी उडालं. धावपट्टीच्या टोकापलीकडून बीड रोड जातो. त्या रोडवरून कापसाच्या गाठी भरलेला ट्रक चालला होता. उडणाऱ्या विमानाचं चाक आणि डाव्या बाजूचं इंजिन त्या ट्रकला धडकलं, पुढे विमान विजेच्या मोठ्या तारांत गेलं आणि पडलं. ११८ माणसांतली ५५ गेली. त्या दिवसांत आमच्या प्रेसवर येणारे ट्रक ड्रायव्हर मान खाली घालून चहा प्यायचे. ज्याच्या त्याच्या तोंडी एकच होतं, ट्रकवाल्याने विमान पाडलं. उंच माल भरतात, बघत नाहीत, वगैरे. आमचा एक म्हातारा ड्रायव्हर मला म्हणाला होता, "मुनीमजी, रस्ता उघडा होता तर तो जाईल नाही तर काय करील?"

चौकशीचा निष्कर्षही शेवटी तोच निघाला. वैमानिकांनी विमानाचं नाक उचलायला उशीर केला आणि पद्धतही चुकली, हे एक. आणि विमानांच्या वेळेत बीड रोडची वाहतूक रोखायची व्यवस्था राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाने केली नाही, हे दुसरं. ट्रक ड्रायव्हरचं नाव कारणांत नाही. मी हे सगळं ऑफिसात मंगलला सांगितलं, आणि मॅडमनी मला मध्ये तोडलं नाही. ज्याच्याकडे पहिल्या दिवशी सगळ्यांनी बोट दाखवलं त्याचा दोष नव्हता, आणि ज्या खुर्चीकडे कुणी पाहिलंही नव्हतं तिचा होता.

अहमदाबादचंही बोलणं निघालं. १२ जून २०२५ ला २६० माणसं गेली. महिनाभराने प्राथमिक अहवाल आला, त्यात इंधनाचे स्विच बंद स्थितीत गेल्याची नोंद आणि दोन वैमानिकांमधलं एवढंसं संभाषण, तेही शब्दशः नाही. तेवढ्यावर जगभर वैमानिकांचा न्याय करून झाला. नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्या मुख्य वैमानिकाच्या नव्वदी ओलांडलेल्या वडिलांना सांगावं लागलं की तुमच्या मुलाला कुणी दोषी ठरवू शकत नाही, हे ओझं मनावर घेऊ नका. मंगल ते ऐकून गप्प झाली. मग तिने आपल्या लेकराच्या विमानाच्या वैमानिकाबद्दल विचारलं, "आणि त्याचीच चूक निघाली तर? त्याच्या बायकोला भरावं लागंल का?" मॅडम म्हणाल्या, नाही. कामावर असताना नोकराच्या हातून चूक झाली तर भरपाई मालकाने करायची. घरी येताना गाडीत मंगल मला म्हणाली, "त्याच्या आईला मी कामून बोलले रे दादा."

आता पैशाचं. आमच्याकडे बोलतात, पोराच्या जिवाचे पैसे घेतले. मंगलच्या कानावर ते आलेलं होतं, म्हणून ती कुठल्याच कागदाला हात लावत नव्हती. मॅडमनी तिच्यापुढे भाच्याच्या बँक खात्याचा उतारा ठेवला. दर महिन्याला घरी किती यायचे, त्यातून मेव्हण्यांच्या औषधाला किती, शेताच्या कर्जाला किती, नातीच्या नावावर किती. "हे थांबलंय, ताई. हे ज्याच्यामुळे थांबलं त्याने भरायचं. तुमच्या लेकराची किंमत कुणी करत नाही आणि कोर्टही करणार नाही." मंगळूरच्या २०१० च्या अपघातात १५८ माणसं गेली होती. त्यातल्या एका कुटुंबाला सर्वोच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये ७ कोटी ६४ लाख आणि वर ९ टक्के व्याज दिलं, तेही असाच पगाराचा आणि पुढच्या कमाईचा हिशेब मांडून. दहा वर्षं लागली, हेही त्यांनी लपवलं नाही.

या ऑफिसची मला सगळ्यात मोठी वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. मॅडमचा पहिला प्रश्न होता, "सूनबाई कुठे आहे?" आम्ही तिला माहेरी ठेवून आलो होतो. मॅडमनी तिच्याशिवाय वकीलपत्र घ्यायला नकार दिला. बायको, लहान मुलगी आणि आईवडील, सगळ्यांचा हक्क आहे, कुणाचा किती हे उघड ठरलं पाहिजे, आणि सासू-सुनेत यावरून वाद झाला तर एकाच वकिलाला दोघींकडून उभं राहता येणार नाही, असं स्पष्ट सांगितलं. मेव्हण्यांना ते आवडलं नाही. मला आवडलं. पुढच्या वेळी सून आली, मॅडमनी तिच्याशी आम्हाला बाहेर बसवून बोलणं केलं. मुलीच्या वाट्याचे पैसे ती अठरा वर्षांची होईपर्यंत बँकेत मुदत ठेवीत राहावेत अशी मागणी अर्जातच घातली आहे. अशा पैशावरून आमच्या भागात घरं फुटलेली मी पाहिलीत, आमचं अजून एक आहे.

उणिवाही लिहितो. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, आणि मंगलच्या गुडघ्यांना तो जिना सोसत नाही. कोर्टाच्या वेळेत फोन कुणी उचलत नाही. आणि मुख्य तक्रार ही की कागद सगळे इंग्रजीत. मॅडम तोंडी उत्तम समजावतात, पण घरी आल्यावर मेव्हण्यांनी विचारलं की मला पुन्हा सगळं आठवून सांगावं लागतं. ज्यावर सही करायची त्याचा मराठी तर्जुमा फाइलला जोडून मिळालाच पाहिजे. मी तसं बोललो, त्यांनी मान्य केलं, पुढच्या अर्जाचा मराठी मजकूर मिळालाही, पण तो मागावा लागला. यासाठी पाचातला एक तारा कमी करतो.

जाणार असाल तर तिकीट, मृत्यूचा दाखला, वारसांचे आधार, वर्षभराच्या पगाराच्या पावत्या आणि घरी पैसे पाठवल्याचा बँकेचा उतारा बरोबर न्या. मूळ कागद कुणालाही देऊ नका, इथे ते मागतही नाहीत. झेरॉक्सवर पोच देतात. भेट कोर्ट सुटल्यावर संध्याकाळी किंवा शनिवारी सकाळी मिळते. जिना चढणं जमत नसेल तर आधी कळवा, त्यांची ज्युनियर मुलगी खाली येऊन गाडीत बसून कागद बघते. मंगलच्या दुसऱ्या भेटीला तिने तसंच केलं.